माई म्हटल्यावर

सोमवार, ४ मार्च १९४६. सांगली

चौथीतनं शाळा सुटली, त्यानंतर एवढं लिहायची ही पहिलीच खेप. पण डोक्यात जे चाललंय ते दोस्ताला, रहिमान शिंप्याला, किती वेळा सांगायचं? तो शिलाईचं मशीन मारत नुसता हूं हूं करतो. म्हणून आता कागदाला सांगतो.

गावच्या जत्रेत खेळ मिळाला! आमच्या गावचे लालासाहेब जत्रेच्या कमिटीत आहेत. ते आज हळदीच्या गाड्या घेऊन वखारीत आले होते. पोती उतरवता उतरवता मी विषय काढला.

ते म्हणाले, "कुस्त्या संपल्या की तमाशाच्या बाया सजून येस्तवर मानसं उठून जात्यात बग. त्या मधल्या येळात काय करतोस तर कर. पर एकटा काय करनार तू?"

"सगळं."

"सगळं म्हंजे?"

"राजा गोपीचंद मी. त्याची आई मैनावती मी. जालंदर गुरू मी, आन् रानीबी मीच."

"आन् घोडा?"

"घोडाबी मीच."

पोट धरून हसले. पण हो म्हणाले. मी एकच गळ घातली, घरी बोलायचं नाही. आईच्या कानावर गेलं तर ती म्हणेल, शेतकऱ्याचं पोर तोंडाला रंग फासून नाचतंय, आता भावकीत मान वर कशी करू. खेळ रंगला की मग आपोआप कळेल आणि तेव्हा बोलायला जागा राहणार नाही.

बनूलाही सांगायचं नाही. बनू म्हंजे माझी बायको, ती गावी आईजवळ असते. दिवाळीला गेलो तेव्हा म्हणाली, "मला सांगलीला न्या." मी म्हणालो, जागा नाही. ते खरंच आहे, मी वखारीत पोत्यांवर निजतो. संक्रांतीला परत तेच म्हणाली. मी परत तेच म्हणालो. जागा शोधली असती तर मिळाली असती का, ते मला माहीत नाही. पण मग सराव कुठं करायचा?

रविवार, १७ मार्च

आज पेवात जालंदर सापडला.

हरिपूरच्या अंगाला हळदीची पेवं आहेत, जमिनीत खणलेली, तोंड लहान आणि पोट मोठं. पेव उघडलं की आधी कंदील सोडायचा. ज्योत राहिली तर माणूस उतरायचा, विझली तर थांबायचं. आज आम्ही एक रिकामं केलं. बाकीचे वर गेले, मी मागं राहिलो.

गोष्ट अशी आहे की राणीच्या सांगण्याला भुलून गोपीचंदानं जालंदर गुरूला खड्ड्यात गाडलं आणि वर घोड्यांची लीद टाकली. वर्षं उलटली, पण गुरू आत जिताच. त्याचा आवाज कसा असेल ते मला उमगत नव्हतं. मी ओरडून बघायचो, घोगरा काढून बघायचो, सगळं खोटं वाटायचं. आज खाली बसून हळूच म्हणालो, "गोपीचंदा, आई बरी आहे का?" भिंतींनी ते फिरवून फिरवून मला ऐकवलं. ज्यानं गाडलं त्याचीच चौकशी करणारा आवाज, तो ओरडेल कशाला?

वरनं मुकादम ओरडला, "कोन ऱ्हायलंय रं आत? मेलास व्हय?"

मी त्याच आवाजात म्हणालो, "जिता हाय बाळ."

त्यानं मला वर काढून दोन शिव्या घातल्या.

रविवार, ३१ मार्च

कफनी शिवून झाली. रहिमाननं जुन्या पासोडीचं अस्तर काढून भगव्या रंगात बुडवलं आणि बाही अशी केली की उलटवली की राजाचा अंगरखा दिसतो. हुशार आहे. म्हणतो, "सया, तुझ्या खेळात दहा मानसं आन् कापड एकाच मानसाचं. माझं नुकसान हाय ह्यात."

शेवटाचं जमत नव्हतं, ते आता जमलं. गोपीचंद पस्तावतो, जोग घ्यायचा म्हणतो. तेव्हा गुरू अट घालतो. आपल्याच वाड्यावर जा, आपल्याच राणीला माई म्हण आणि भिक्षा माग. तिनं आपल्या हातानं घातली तर नातं तुटलं, तू जोगी झालास. हे मी तक्तपोसावरनं, म्हंजे फळ्यांच्या मंचावरनं, करत होतो. इकडं राजा, तिकडं राणी, नुसती पळापळ. परवा सुचलं, खाली उतरायचं! बायका बसलेल्या असतात तिथं झोळी घेऊन जायचं आणि दर बाईला म्हणायचं, "माई, भिक्षा वाढ." सगळ्याच राण्या. नाटकांच्या शंभर वर्षांचा उत्सव इथं झाला तेव्हा मी मंडपात सतरंज्या टाकायला होतो, एवढाली नटमंडळी बघितली, पण कुणी खाली उतरलं नाही.

तोंडाला राख चांगली बसते. हातांना बसत नाही. हळदीचा पिवळा काही केल्या निघत नाही. असू दे, कोण बघतंय.

गुरुवार, १८ एप्रिल. कोरेगाव

स्टेशनावर बसून लिहितोय. उद्या खेळ. इथनं गाव चालत तासाभराचं, पण मी अंधार पडल्यावर शिरणार आणि लालासाहेबांच्या गोठ्यात निजणार. आज मैनावतीचं बोलणं तीनदा विसरलो. लोकं उठून गेली तर? तमाशा लवकर आला तर? कोण ओळखून हसलं तर?

शनिवार, २० एप्रिल. गाव

काल काय झालं ते नीट लिहितो, म्हंजे मलाच कळेल.

कुस्त्या संपल्या. गॅसबत्ती यायची होती, उजेड अजून थोडा होता. मी तक्तपोसावर चढलो तेव्हा अर्धी माणसं उठलेली. कोण म्हणालं, "गोसावी आला रं, चला." मी घोडा झालो. पोरं थांबली. मग राजा झालो, मग म्हातारी मैनावती. आंघोळ करणाऱ्या पोराचा देह बघून ती रडते. असाच ह्याच्या बापाचा देह होता, आगीत गेला. ते म्हटलं आणि बायकांच्यात हुंदका फुटला. उठलेली माणसं बसली. जालंदर खड्ड्यातनं बोलला तेव्हा तर कुणी खोकलंसुद्धा नाही.

मग खाली उतरलो. लालासाहेबांनी आधीच पुकारून ठेवलं होतं, बायांनी मूठ मूठ धान्य आणायचं. "माई, भिक्षा वाढ." मूठ पडायची, बाया पाया पडायच्या. मी पुढं. "माई, भिक्षा वाढ." आणि पुढं बनू.

पदर पुढं ओढलेला, पण मी ओळखलं. खोटं कशाला लिहू? मी थांबू शकलो असतो. एक बाई सोडून पुढं जाता आलं असतं. पण खेळ असा रंगात आला होता की थांबलो असतो तर पडला असता. मी झोळी पुढं केली, पिवळे हात तसेच, आणि म्हणालो, "माई, भिक्षा वाढ."

तिनं झोळीकडं, माझ्या हातांकडं बघितलं. मग ओटीत होतं नव्हतं ते सगळं धान्य झोळीत ओतलं आणि मोठ्यानं म्हणाली, "घे बाबा. सुखानं जा. मागं बघू नगंस."

राणीच्या तोंडी काय घालावं म्हणून मी महिनाभर डोकं खाजवत होतो, आणि ते ह्या बाईनं एका दमात म्हटलं! माणसं रडत होती. तिनं मला ओळखलं नाही हे उघड आहे. ती मला कधी तुमी सोडून बोलत नाही, आणि इथं 'घे' काय, 'जा' काय. जोगीच समजली.

एवढ्यावर संपलं असतं तर बरं झालं असतं. पण लालासाहेबांनी तक्तपोसावर चढून पुकारा केला, कारण मीच त्यांना तसं सांगून ठेवलं होतं. "मंडळी, ह्यो कोन हाय ठाव हाय का? आपल्याच गावचा सयाजी!" मी जटा काढली. वाटलं, आता टाळ्या.

टाळ्या सुरू झाल्या आणि मधेच थांबल्या. आमच्या भावकीतली धोंडुबाई उठून उभी राहिली होती.

"आगं बया! मग मगाशी बायकोलाच माई म्हनला की ह्यो! आन् तिनंबी भिक्षा घातली!"

गुरुवारी भ्यालो होतो ते सगळं फुकट गेलं. कुणी उठून गेलं नाही, कुणी हसलं नाही.

रविवार, २१ एप्रिल

आईनं बनूला धोंडुबाईकडं निजायला पाठवलं. मला म्हणाली, "आता तुमी दोगं एका छपराखाली न्हाई."

"आई, खेळ हुता त्यो."

"चारशे मानसांत बोललास. देवाच्या फुडं बोललास. तिनं आपल्या हातानं घातलं. आता काय ऱ्हायलं?"

गावात दोन तट पडलेत. लालासाहेब म्हणतात, सोंग ते सोंग. धोंडुबाई म्हणते, सोंग होतं तर बाया रडल्या कशाला, पाया का पडल्या? खेळ वाईट झाला असता तर आज मी सुटलो असतो.

मानसिंग, बनूचा भाऊ, जत्रेला आला होता. फौजेतनं नुकताच सुटलाय, ब्रह्मदेशात होता. सकाळी बनूचं गाठोडं उचलून दारात उभा राहिला. "दाजी, वरनं ऑर्डर काय येती ती येऊ दे. तवर बनी कुंडलला, आमच्या हेडक्वार्टरात."

मी बनूकडं बघितलं. म्हटलं, "तू तरी सांग की, खेळ हुता म्हनून."

ती म्हणाली, "तुमचा खेळ मला काय ठावं? तुमी कवा सांगितला?"

आणि गेली. मागं बघितलं नाही.

रविवार, २८ एप्रिल. सांगली

कामावर मन नाही. काल कंदील न सोडताच पेवात उतरत होतो, मुकादमानं मानगूट धरून ओढलं.

रहिमानच्या आईला, मेहरुनचाचीला, सगळं सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "आमच्यातबी हाय बेटा असं. बायकोला माँसारखी म्हनलं की दोर अडकतो. मौलवीसाब सांगत हुते, साठ गरिबांना जेवायला घातलं की मोकळा."

"चाची, रेशनच्या दिवसांत साठ मानसं कुठनं जेवू घालू?"

"मग दोन महिने रोजे धर."

रहिमान मशीनवरनं म्हणाला, "अम्मी, त्याचं तसंबी जेवन सुटलंच हाय." आणि माझ्याकडं बघून मशीन जोरात मारायला लागला.

आमच्यात कुणाला विचारायचं? आईकडनं निरोप, पंच म्हणतात असलं पूर्वी कधी आलेलं नाही. त्यांच्यात सोडवायची वाट आहे, आणि आमच्यात नुसती तोडायची.

आणि ही गंमत बघा. तीन गावांची माणसं येऊन गेली. बायकोला माई म्हणणारा तो तूच का? आमच्या जत्रेला ये. मी नाही म्हणालो. मग रातभर, हो म्हणायला हवं होतं का, हाच विचार. असा विचार येतो म्हंजे मी कसला माणूस आहे?

सोमवार, ६ मे

मानसिंग वखारीत आला. फौजी बूट, तोंडात विडी. मला वाटलं बनूच्या वस्तू मागायला आला.

"आप्पासोंनी सांगितलंय." आप्पासो म्हंजे माझे सासरे. "त्ये म्हनत्यात, मी काय त्यो खेळ बगितलेला न्हाई. लोकांच्या सांगन्यावर पोरीचा निवाडा कसा करू? शुक्रवारी कुंडलला मारुतीफुडं तुमी त्योच खेळ करायचा. जसाच्या तसा. बनी बायकांत बसंल. त्ये बगतील आन् मग सांगतील, पोरगी नांदायला धाडायची का न्हाई."

"जसाच्या तसा म्हंजे... माईसकट?"

"सगळी परेड. एक पाऊल चुकवायचं न्हाई."

तो गेल्यापासनं मी ह्याच्यातनं वाट शोधतोय. पुन्हा माई म्हटलं तर दुसऱ्यांदा तोडलं. नाही म्हटलं तर आप्पासो म्हणणार, गडी लबाड आहे, खरं लपवतोय. रहिमान म्हणाला, "माई नगं, त्या जागी बहेन म्हन."

"मग तर झालंच कल्याण!"

"व्हय रं," म्हणाला आणि कपाळाला हात लावून बसला.

गुरुवार, ९ मे

उद्या. बनू काय करेल? तिनं परत ओटी ओतली तर संपलं. मागच्या वेळी तिला माहीत नव्हतं, आता माहीत आहे. तिला विचारावं म्हटलं तर भेटू देत नाहीत. दिवाळीपासनं ती मला सांगलीला न्या म्हणत होती, आणि मी काय उत्तर द्यायचो? जागा नाही.

शनिवार, ११ मे. कुंडल

ओसरीवर बसून लिहितोय. आत चूल पेटलीय, भाकरीचा आवाज येतोय.

काल दिवस कलता कलता सुरू केलं. मारुतीचा पार माणसांनी गच्च. आप्पासो पुढं घोंगडीवर, हातात काठी, तोंडावर काही नाही. घोडा केला, एकही पोर हसलं नाही, सगळी शेवटाची वाट बघत होती. मैनावती केली. बोलणं दोनदा चुकलो. जालंदराचा आवाज नीट निघेना. इतका वाईट खेळ मी पेवातसुद्धा केला नव्हता.

मग उतरलो. "माई, भिक्षा वाढ." मुठी पडत गेल्या. मी सावकाश चाललो होतो, म्हंजे ती जागा उशिरा यावी. आली.

बनूनं पदर मागं घेतला होता. तोंड उघडं. सरळ माझ्याकडं बघत होती. मी झोळी पुढं केली आणि तसाच उभा राहिलो.

मागनं कोण ओरडलं, "म्हन की रं!" मानसिंग म्हणाला, "दाजी, फॉरवर्ड!" कोण खिदळलं. आप्पासोंनी काठी आपटली, सगळे गप्प.

बनू अगदी हळू म्हणाली, "म्हना. लोकं बसल्यात."

झोळी माझ्या हातात अशी हलत होती की आतलं धान्य वाजत होतं. मी म्हणालो. आवाज राजाचा नव्हता, जोग्याचा नव्हता, कुणाचा ते मला सांगता येत नाही. "माई... भिक्षा वाढ."

"न्हाई वाढत," बनू म्हणाली.

मोठ्यानं म्हणाली. पार शेवटाच्या माणसानं ऐकलं.

गोष्टीत हे नाहीच. राणी घालते, राजा जोगी होतो, खेळ संपतो. मी म्हणालो, "मूठभर तरी..."

"मूठबी न्हाई. दानाबी न्हाई. माझ्याकडनं रिकामं जावा."

मी परत तक्तपोसावर चढलो. दुसरं करणार काय? गोपीचंद होऊन म्हणालो, महाराज, तिनं घातली नाही. मग पलीकडं सरकून जालंदर होऊन मांडी घातली आणि गप्प बसलो. आतनं काहीच येईना. लोकं वाट बघतायत, आणि गुरूच मुका. मग तो खालचा आवाज आपोआप आला, आधी येत नव्हता तो. "मंग तुला कुनी सोडलेलंच न्हाई बाळ. इथं काय करतोस? जा घरला."

एक म्हातारा उठला. "ह्ये पोथीत न्हाई!"

आप्पासो म्हणाले, "पोथीत नसंल. हितं झालं न्हवं?" मग बनूकडं वळले. "बने, इकडं ये. कोरेगावाकडं घातलीस, हितं न्हाई घातलीस. मी काय धरायचं?"

बनू म्हणाली, "आप्पा, त्या दिशी मागनाऱ्याला जायाचंच हुतं. मंग मी कशाला धरू? म्हनून घातली. मधी जे काय झालं आसंल त्ये आसंल, पर आज मागनाऱ्याचा हात कापत हुता."

बायकांच्यात कुजबूज झाली. आप्पासो काठी टेकत उठले. मग मला म्हणाले, "घेऊन जावा. पर तुमच्या गावाला न्हाई. जितं तुमी ऱ्हाता तितं न्या."

"मामा, तितं जागा..." एवढं तोंडातनं गेलं. बनूनं नुसतं बघितलं. मी म्हणालो, "करतो जागा."

हात कापत होता हे खरं आहे. भीतीनं कापत होता. कोरेगावाकडं चांगला खेळलो तर तुटलं, इथं खेळ पडला तर जुळलं. ह्यातनं काय शिकायचं ते मला कळत नाही. एक बरं झालं, त्या दिवशी तिनं मला ओळखलं नव्हतं. ओळखून घातली असती तर मी कुठं तोंड दाखवलं असतं?

रविवार, २ जून. सांगली

मेहरुनचाचीच्या परड्यातली पडवी मिळाली. बनूनं चार दिवसांत सारवून घेतली. चाचीचं आणि तिचं गूळपीठ जमलंय, दोघी मिळून मला बोलतात. आईचा निरोप आला, अजून रागातच आहे, पण निरोपाबरोबर हरभऱ्याची डाळ पाठवलीय.

सराव आता पडवीतच करतो. वाटलं होतं बनू आली की ते थांबेल. ती चुलीपुढनं सांगते, "मैनावती लय वराडती. आई अशी रडत न्हाई." सांगून भाकरी उलटते. मी परत रडून दाखवतो.

आज म्हसवडहून माणूस आला होता. सिद्धनाथाच्या यात्रेत खेळ करा म्हणतो. कुंडलचं तिथवर गेलंय. त्यानं विचारलं, "शेवट कंचा करनार? बाई भिक्षा घालती त्यो, का न्हाई घालत त्यो? लोकांत पैजा लागल्यात."

मी म्हणालो, कळवतो. तो गेल्यावर बनूला म्हटलं, "तू येनार न्हवं खेळाला?"

"येनार की. फुडं बसनार."

"मंग काय करशील? घालशील?"

"आत्ताच कसं सांगू?"

"आगं, खेळ हाय. ठरवाय नगं? दर खेपेला मी काय जीव मुठीत धरून उबा ऱ्हाऊ व्हय? घालनार आसशील तर तसं सांग, न्हाई तर न्हाई सांग. मला कळायचं कसं?"

तिनं तव्यावरची भाकरी काढली, माझ्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "मागून बगा."